म्हाताऱ्या बँडचं नवं गाणं कोण ऐकतं?

२०२३च्या एप्रिलमध्ये मेटालिका या जुन्या अमेरिकी मेटल बँडचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम आला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत त्याच्या १ लाख ३४ हजार प्रती विकल्या गेल्या. त्या आठवड्यात तिथे दुसऱ्या कुठल्याही अल्बमच्या एवढ्या प्रती खपल्या नाहीत. तरीही अमेरिकेतल्या अल्बमची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत तो दुसरा आला. पहिल्या नंबरवर मॉर्गन वॉलन हा कंट्री गायक होता आणि त्याचा अल्बम तर मार्चच्या सुरुवातीलाच आलेला होता. १९९१पासून मेटालिकाचे ओळीने सहा स्टुडिओ अल्बम आल्या आल्या पहिल्या नंबरावर गेले होते. ती ओळ इथे तुटली.

बातमी वाचली तेव्हा नंबर गेल्यापेक्षा त्यामागचा हिशेब मला जास्त लागला. सगळ्यात जास्त विकलेला अल्बम दुसरा कसा येतो? तर डिसेंबर २०१४पासून बिलबोर्ड विक्रीबरोबर स्ट्रीमिंगही धरतं. सुरुवातीला त्या अल्बमची गाणी १,५०० वेळा वाजली की एक प्रत विकली असं मानत. २०१८मध्ये त्यात फरक केला आणि २०२३मध्ये हेच माप होतं: पैसे भरून ऐकणाऱ्यांची १,२५० वाजवणी म्हणजे एक प्रत आणि जाहिराती सोसत फुकट ऐकणाऱ्यांची ३,७५०. मेटालिकाला त्या आठवड्यात प्रतींच्या मापात मिळाले एकूण १ लाख ४६ हजार. म्हणजे जवळपास सगळं खरेदीतून आलं, स्ट्रीमिंगमधून जेमतेम १२ हजार. वॉलनचे १ लाख ६६ हजार बहुतांश स्ट्रीमिंगचे होते.

त्या मापाने मी कागदावर आकडे मांडून बघितले. ‘७२ सीझन्स’मध्ये १२ गाणी आहेत, लांबी ७७ मिनिटं. पैसे भरून ऐकणाऱ्या माणसाने तो एका प्रतीच्या तोलाला आणायचा तर अख्खा अल्बम १०४ वेळा ऐकावा लागेल. सुमारे १३३ तास. वॉलनच्या अल्बममध्ये गाणी ३६. तो ३५ वेळा ऐकला की काम झालं, म्हणजे साधारण ६५ तास. मोजणी गाण्यांची होते, मिनिटांची होत नाही. अर्धं मिनिट ऐकलं की एक वाजवणी जमा. पुढे गाणं दोन मिनिटांचं आहे की अकरा मिनिटांचं, कुणाला घेणं नाही. सात-आठ मिनिटांची गाणी लिहिणाऱ्या बँडने या मापात कसं बसायचं?

वॉलनबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याचे श्रोते त्याला रोज ऐकतात. आणि मेटालिकाची विक्री काही एका आठवड्यात, एका गायकामुळे घसरलेली नाही. पहिल्या आठवड्याचे अमेरिकेतले आकडे असे आहेत: १९९१च्या ‘ब्लॅक अल्बम’चे ५ लाख ९८ हजार, १९९६च्या ‘लोड’चे ६ लाख ८० हजार. २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ शुक्रवारी आला, मोजणीला तीनच दिवस मिळाले, तरी ४ लाख ९० हजार. २०१६च्या ‘हार्डवायर्ड’चे २ लाख ८२ हजार. आणि मग हे १ लाख ३४ हजार. शेवटच्या दोन वेळा तर घसरण साधारण निम्म्याने. आज रॉक बँडला एवढं मिळणं म्हणजे फार मोठं यश समजतात, कारण बाकीच्या बहुतेक जुन्या बँडना एवढंही गाठता येत नाही.

मला हे का लागतं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

नव्वदच्या दशकात पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर बहुतेक मेटल आमच्याकडे यायचं ते भरलेल्या कॅसेटवर. कुणाच्या तरी दादाकडे मूळ कॅसेट असायची, तिच्यावरून डबल डेकवर उतरवायची, बॉलपेनने नावं लिहायची. इंग्रजी कॅसेट हिंदीपेक्षा बऱ्याच महाग असत, महिन्याच्या पैशात विकत घेणं म्हणजे मेसचं गणित बिघडायचं. त्यामुळे विकत घेतलेली कॅसेट हा एक निर्णय असायचा. ‘ब्लॅक अल्बम’ मी डेक्कनवरच्या एका दुकानातून घेतला तेव्हा त्यातली दोन गाणी ऐकलेली होती. बाकीच्या दहांचे पैसे मी न ऐकता दिले होते.

त्या कॅसेटचं कव्हर माझ्याकडे अजून आहे. पूर्ण काळं. एका कोपऱ्यात बँडचं नाव आणि दुसऱ्या कोपऱ्यात वेटोळं घातलेला साप, पण दोन्ही इतक्या गडद करड्या रंगात की सरळ बघितलं तर दिसतच नाहीत. ट्यूबलाइटखाली कव्हर तिरपं धरायचं, थोडं हलवायचं, मग साप वर येतो. रूमवर येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते करून दाखवायचो. आज फोनवर त्या अल्बमचा चौकोन नखाएवढा दिसतो आणि तो नुसता काळा असतो. साप तिथेही आहे, पण तिरपं धरायला काही नाही.

न ऐकता पैसे देणं हा मला या सगळ्यातला मुख्य मुद्दा वाटतो. जाहिरातीत नटाचं नाव वाचून नाटकाचं तिकीट काढणारा प्रेक्षक जसा त्या नटावर विसंबतो, तसा अल्बम घेणारा बँडवर विसंबायचा. आणि एकदा पैसे दिले की माणूस ऐकायचाच. आवडलं नाही तरी परत ऐकायचा, कारण घरात दुसरी नवी कॅसेट नसायची. असे कितीतरी अल्बम मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळले. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा रुक्ष वाटला होता. त्यातला बेस जवळपास ऐकूच येत नाही, गाणी संपता संपत नाहीत. पैसे भरले होते म्हणून त्याच्या मागे लागलो, आणि पुढे माझं सगळ्यात जास्त प्रेम त्याच अल्बमवर बसलं. विक्रीचा आकडा म्हणजे अशा विसंबणाऱ्या माणसांची मोजदाद होती. स्ट्रीमिंगचा आकडा सवय मोजतो. दोन्ही खरे आहेत, पण एका नव्या, अवघड, लांबलचक कामाला सवयीचा आधार सुरुवातीला कुठून मिळणार?

हे होणार याची चाहूल खुद्द मेटालिकालाच सर्वांत आधी लागली होती, असं मी म्हणेन. एप्रिल २०००मध्ये त्यांनी नॅप्स्टरवर, म्हणजे लोकांना इंटरनेटवरून एकमेकांना फुकट गाणी वाटू देणाऱ्या कंपनीवर, खटला भरला. ‘आय डिसॅपिअर’ हे गाणं पूर्ण व्हायच्या आधीच तिथून फुटलं आणि रेडिओवर वाजायला लागलं होतं. ड्रमर लार्स उलरिकने गाणी वाटणाऱ्या ३ लाख ३५ हजार नावांची यादी नॅप्स्टरच्या कचेरीत नेऊन दिली, जुलैमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याला जेवढ्या शिव्या पडल्या तेवढ्या क्वचितच कुणा वादकाला पडल्या असतील. कोट्यधीश माणूस पोरांवर खटले भरतो म्हणून चाहते उलटले. आमच्याकडे सायबर कॅफेत बसून तासाला एक गाणं उतरवणारे सुद्धा त्याला हावरट म्हणत होते. मला तेव्हाही तो बरोबर वाटत होता आणि आता तर जास्तच वाटतो. गाणं पुरं झालं की नाही, ते बाहेर कधी जाणार, हे ठरवायचं कुणी, एवढाच त्याचा प्रश्न होता. डिसेंबर २०१२मध्ये मेटालिका स्पॉटिफायवर आली तेव्हा मंचावर लार्सशेजारी नॅप्स्टरचा सहसंस्थापक शॉन पार्कर बसला होता, कारण त्याचे पैसे आता स्पॉटिफायमध्ये होते. त्याच सुमारास बँडने आपल्या सगळ्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःकडे घेतले होते. हे फार थोड्या बँडना जमलं. स्ट्रीमिंगच्या काळात त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी आहे त्याचं मोठं कारण हे.

आता जे मला खरोखर काळजीचं वाटतं त्याकडे येतो. अमेरिकेतल्या मोजणीत १८ महिन्यांहून जुनं झालेलं संगीत ‘कॅटलॉग’मध्ये जातं, आणि २०२२मध्ये तिथे ऐकल्या-घेतल्या गेलेल्या संगीतापैकी ७० टक्क्यांहून जास्त या कॅटलॉगमधलं होतं. म्हणजे जुनं संगीत मेलेलं नाही, उलट तेच सगळीकडे आहे. ‘ब्लॅक अल्बम’च्या अमेरिकेत १ कोटी ६० लाखांहून जास्त प्रती गेल्या आणि बिलबोर्डच्या यादीत त्याने ७००हून जास्त आठवडे काढलेत. जुलै २०२२मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या शेवटी ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि १९८६चं ते गाणं ३६ वर्षांनी पहिल्यांदा अमेरिकेच्या ‘हॉट १००’ या गाण्यांच्या यादीत शिरलं. ज्यांच्या आईवडिलांचीही त्या साली शाळा संपली नव्हती, अशी पोरं त्यातली रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी सुरावट, वाजवायला शिकली.

तेव्हा ‘७२ सीझन्स’चा प्रतिस्पर्धी मॉर्गन वॉलन नाही. ‘७२ सीझन्स’चा प्रतिस्पर्धी ‘ब्लॅक अल्बम’ आहे. दुकानात नवा अल्बम समोर मांडलेला असायचा, भिंतीवर त्याचं पोस्टर असायचं, जुने मागच्या कप्प्यात. मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये तर केबिनमध्ये उभं राहून तो आधी ऐकताही यायचा. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं. ॲपमध्ये बँडचं नाव टाका. नव्या अल्बमचा चौकोन काही आठवडे वर दिसेल, पण ठळकपणे समोर येतात ती सर्वांत जास्त ऐकली जाणारी गाणी: ‘एंटर सँडमन’, ‘नथिंग एल्स मॅटर्स’, ‘मास्टर ऑफ पपेट्स’. ती वर आहेत म्हणून ऐकली जातात आणि ऐकली जातात म्हणून वर राहतात. चाळीस वर्षं काम केलेल्या बँडचं नवं गाणं या रांगेत शेवटी उभं राहतं, आणि रांग पुढे सरकत नाही.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे, गिटार वाजवतो, मेटालिकाचा टी-शर्ट घालतो. ‘७२ सीझन्स’ आला तेव्हा मी त्याला विचारलं, ऐकलास का. तो म्हणाला, “मामा, ते अजून नवीन गाणी काढतात?” त्याच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या फोनने त्याला ते सांगितलंच नव्हतं.

त्या अल्बमचं नाव आयुष्याच्या पहिल्या अठरा वर्षांवरून आलंय. वर्षाचे चार ऋतू, अठरा वर्षांचे बहात्तर. त्या वर्षांत जे मनावर बिंबतं त्यातून माणूस पुढे सुटू शकतो का, हा बँडचा गायक जेम्स हेटफील्डचा प्रश्न आहे. हेटफील्ड तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. सोळाव्या वर्षी आई कॅन्सरने गेली. धार्मिक श्रद्धेमुळे तिने औषधोपचार घेतले नव्हते. अल्बम आला तेव्हा तो ५९ वर्षांचा होता आणि व्यसनमुक्तीसाठी दुसऱ्यांदा भरती होऊन आलेला होता. विशीतल्या हेटफील्डकडे राग होता. हा माणूस त्या रागाच्या मुळाशी काय आहे ते पाहतोय. हे काम विशीत होत नाही.

शेवटचं गाणं ‘इनामोराटा’ ११ मिनिटांचं आहे, मेटालिकाने स्वतः लिहिलेल्या गाण्यांत सर्वांत लांब. दुःख ही जणू प्रेयसी आहे आणि तिला सोडवत नाही, असा त्याचा विषय. सुरुवातीची रिफ जड, पाय ओढत चालल्यासारखी. गाण्याच्या मध्यावर सगळं उतरत जातं. रॉबर्ट ट्रुहियोचा बेस जवळपास एकटा उरतो, लार्स अगदी हलक्या हाताने ताल धरतो, आणि कुणालाही कुठे पोचायची घाई नसते. मग गिटारी एकेक करून परत येतात, हेटफील्ड तेच शब्द पुन्हा म्हणतो, पण या वेळी त्याचा आवाज दमलेला वाटतो. पहिल्या सहा मिनिटांशिवाय हा भाग काहीच नाही. तीस सेकंद ऐकून तो कुणाला कळणार नाही आणि कुठल्या प्लेलिस्टमध्ये तो सुटा टाकताही येणार नाही. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत त्यांनी याहून चांगलं काही केलेलं नाही. आणि हे ऐकलेला माणूस मला ओळखीत क्वचितच भेटतो, मेटलवाल्यांतसुद्धा.

हे सगळं स्ट्रीमिंगनेच आणलं असंही नाही. २०११च्या ऑक्टोबरमध्ये मेटालिका पहिल्यांदा भारतात वाजवायला आली. गुरगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याहून उद्यान एक्सप्रेसमध्ये बसलो ते बंगळूरचाही होतो की नाही या धाकधुकीत. डबाभर काळे टी-शर्ट. सोलापूरला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं, “सगळे एकाच कंपनीतले का?” कुणीतरी हो म्हणालं. ३० तारखेला पॅलेस ग्राउंड्सवर चिखलात उभे राहिलो आणि ती माणसं खरोखर समोर आली. ज्या गाण्यांच्या कॅसेट भरून घेतल्या होत्या ती सगळी पाठ होती, मैदान हेटफील्डच्या आधी गात होतं. मधे ‘डेथ मॅग्नेटिक’मधली एक-दोन गाणी झाली, तेव्हा तीन वर्षांपूर्वीचीच ती गाणी होती, आणि मैदानाचा आवाज खाली आला. लोक पाणी प्यायला लागले. तेव्हा भारतात स्पॉटिफाय यायला अजून सात-आठ वर्षं होती.

आणि एक गोष्ट स्ट्रीमिंगच्या बाजूनेही सांगायला हवी. त्या मैदानावरचे बहुतेक लोक विक्रीच्या कुठल्याच आकड्यात कधी आलेले नव्हते. भरलेली कॅसेट, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची एमपी३ सीडी, मित्राची हार्ड डिस्क. बंगळूर, पुणे, शिलाँग, सगळ्यांनी बँडला मनापासून ऐकलं आणि बँडच्या हिशेबवहीत आपली नोंद शून्य होती. आज कोल्हापुरातला एखादा मुलगा महिन्याचे थोडे पैसे भरून मेटालिकाचं ‘ओरायन’ ऐकतो ते कुठेतरी मोजलं जातं. हे कमी नाही.

पण पैसा आता मैफलीत आहे. २०२३मध्ये ॲमस्टरडॅमहून त्यांनी जो दौरा सुरू केला त्यात बहुतेक शहरांत दोन रात्री, आणि दोन्ही रात्री मिळून एकही गाणं परत नाही. भाच्याला विचारलं तर भारतात आले की तो कितीही किमतीचं तिकीट काढायला तयार आहे, आणि मीही. त्या तिकिटाच्या पैशात अल्बमच्या किती प्रती येतील याचा विचार आमच्यापैकी कुणीच करत नाही. मग जुन्या बँडनी नवा अल्बम करायचाच कशाला? बऱ्याच जणांनी हा प्रश्न स्वतःला विचारून झालाय. ‘किस’ या रॉक बँडचा शेवटचा स्टुडिओ अल्बम २०१२चा, त्यानंतर ते आणखी ११ वर्षं जुन्या गाण्यांवर जगभर फिरले आणि डिसेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कला थांबले. रोलिंग स्टोन्सच्या २००५च्या अल्बमनंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम यायला २०२३ उजाडलं. त्या दौऱ्यांना गर्दी कमी झाली नाही. नवं काही मागणारंच कुणी नव्हतं.

मेटालिकाने मात्र मार्च २०२३मध्ये, अल्बम यायच्या महिनाभर आधी, व्हर्जिनियातल्या फर्नेस या विनाइलच्या तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. २०२२मध्ये अमेरिकेत १९८७नंतर पहिल्यांदा सीडींपेक्षा तबकड्या जास्त खपल्या होत्या, तेव्हा यात व्यवहार आहेच. तरीही मला त्यात हट्ट दिसतो. ‘७२ सीझन्स’ तबकडीवर घेतला की तो दोन तबकड्यांत येतो. ‘इनामोराटा’ शेवटच्या बाजूला, तिथे पोचायला तीन वेळा उठावं लागतं.

भाच्याला मी तो अल्बम ऐकवला, गप्पा न मारता, सलग. त्याने त्यातली तीन गाणी आपल्या यादीत टाकली. ‘इनामोराटा’ टाकलं नाही. “चांगलंय मामा, पण अकरा मिनिटं? तेवढ्यात चार गाणी होतात.” आमचं त्यावरून बरंच वाजलं. तो म्हणतो, आवडलेलं तेवढं ऐकायला काय हरकत आहे, आणि मला त्याला पटेल असं उत्तर त्या दिवशी देता आलं नाही. मेटालिकाच्या मागच्या दोन अल्बमांआधी आठ वर्षांचं आणि मग साडेसहा वर्षांचं अंतर होतं. याच चालीने गेले तर पुढचा येईपर्यंत हेटफील्डने पासष्टी ओलांडलेली असेल. तो करेल, असं मला वाटतं. मी तो न ऐकता विकत घेईन, आणि भाच्याला त्या संध्याकाळी घरी बोलावीन.